आबांच्या डब्यातलं कळण्याचं पीठ

रविवार, पौष महिना. सकाळी साडेदहा. ठिकाण जळगाव, भावाचं घर.

हजर: आबा, म्हणजे आमचे वडील, वय एकोणऐंशी. नाना, आबांचे थोरले भाऊ, वय ब्याऐंशी, नरडाण्याजवळच्या आमच्या गावाहून सकाळच्या गाडीने आलेले. भाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ, भुसावळला रेल्वेत, रविवार म्हणून घरी. वहिनी. आणि मी, धुळ्याहून पहिल्या बसने.

गैरहजर: आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हजेरी लिहिताना त्या ओळीपाशी माझा पेन थांबतो.

विषय: वांग्याचं भरीत.

मी असं लिहून ठेवते. शाळेच्या कार्यालयात सव्वीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली, आता घरचंही तसंच लिहिलं जातं. त्या रविवारची ही नोंद मी नंतर बऱ्याचदा उघडून पाहिली. त्या दिवशी जे निघालं, ते तिच्यात नाही. ते इथे लिहिते.

आधी तीन महिने मागे जायला हवं. आबांना साखर आणि रक्तदाब, दोन्ही पंधरा वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या. दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या पायांवर सूज आली, चपलेचा पट्टा रुतायला लागला. जळगावच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, मूत्रपिंडं थकायला लागली आहेत. गोळ्या मी देतो, पण अर्धं काम तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मीठ अगदी कमी करा, साखर सांभाळा, तीन महिन्यांनी बघू. सूज आणि दाब उतरला तर बरं, नाहीतर पुढचं बोलावं लागेल.

पुढचं म्हणजे काय, ते आबांना कळलं होतं. भावाच्या गल्लीतला त्यांचा एक सोबती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला, मशीनवर जायचा. आधी तो संध्याकाळी आबांबरोबर बाकावर बसायचा, मग नुसता दारातून हात करायचा, मग तेही थांबलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आबा मला म्हणाले, "माले मशीनवर टाकू नका."

मी म्हटलं, "तशी वेळच येणार नाही."

हे मी बोलून गेले. आणि एकदा बोलले की ते माझं काम होतं.

त्याच दुपारी मी यादी केली. बंद: लोणचं, पापड, बिबडे, शेव, फरसाण, बेकरीची खारी, टोस्ट, बाजारचा मसाला. कमी: भाजीतलं मीठ, दिवसाला छोटा अर्धा चमचा, चमचा मी धुळ्याहून आणून दिला. चालू: ज्वारी, दुधी, दोडका, ताजं ताक बिनमिठाचं. खाली लाल शाईत: भाकरीत मीठ घालू नये. यादी फ्रिजवर लावली. रोज संध्याकाळी साडेसातला फोन. दर रविवारी स्वतः जाऊन पाय बघायचे. नडगीवर अंगठा दाबायचा, मनात दहा मोजायचं, सोडायचं. खळगा राहिला तर सूज आहे.

आहारतज्ज्ञ बाईंनी पोळीऐवजी भाकरी सांगितली होती. आबा म्हणाले, नुसत्या ज्वारीची घशाखाली उतरत नाही. तेव्हा तोडगा मीच काढला. कळणा. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं आपलं हे पीठ, आईच्या हातचं ते लहानपणापासून खात आलेले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी धुळ्यात कळणा दळून आणायचे आणि रविवारी जळगावला पोचवायचे. घरातले बाकीचे पोळ्या खातात, म्हणून पिठाचा डबा वेगळा ठेवला. त्यावर चिठ्ठी चिकटवली: आबा.

भाकरी आबांना आवडली. फोनवर म्हणायचे, "बठ्ठं बेचव शे, पण तुन्ही भाकर गोड लागस." मला बरं वाटायचं. इतक्या बंद-बंदमध्ये मी दिलेली एक गोष्ट चालली होती.

सूज मात्र उतरेना.

पहिल्या महिन्यात मी म्हटलं, वेळ लागतो. दुसऱ्यात माझी झोप गेली. बसमध्ये पारोळा आलं की अंगठा आपोआप बोटांवर दाबला जायचा. आईचंही दाबानेच झालं होतं. सकाळी पापड लाटायला बसली आणि उजवा हात उचलेना. तेव्हा कुणी यादी केली नव्हती. या वेळी यादी होती, चमचा होता, तरी खळगा तसाच. म्हणजे कुठूनतरी मीठ जात होतं. कुठून, हे शोधायचं होतं.

मी शोधलं. लोणच्याच्या बरणीवर मार्करने रेघ मारून आले. पुढच्या रविवारी रेघ आणि लोणचं बरोबर जागेवर. पापड मोजले. लिहिताना लाज वाटते, पण मोजले. एकही कमी नव्हता. शेवटी आबांच्या कपाटात शर्टांखाली शेवेचा अर्धा पुडा सापडला.

"आबा, हे काय?"

आबांनी पुड्याकडे बघितलं. "ती तुन्ही मायना टाइमनी शे."

शेवेचा वास घेतला तर ते खरंही असू शकत होतं. तेल पार खवट झालेलं. ती मी फेकली, पण चोर काही सापडला नाही. मग एकच माणूस उरलं. दिवसभर घरात आबांजवळ असणारं, त्यांना वाढणारं.

त्या भरिताच्या आधी दोन आठवडे, स्वयंपाकघरात, वहिनी दोडका चिरत होत्या. मी दार लोटलं आणि म्हटलं, "वहिनी, तुम्ही त्यांना चोरून काहीतरी देता. ते मागतात, तुम्हाला नाही म्हणवत नाही, मला कळतं. पण हे थांबवा."

वहिनींनी विळी सोडली नाही. "मी काही देत नाही, ताई."

"मग सूज का उतरत नाही?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही लिहिलंय तेवढंच करते."

"लिहिलंय ते मला माहीत आहे. करता काय, ते विचारते."

त्या उठल्या. फ्रिजवरची यादी जरा तिरकी झाली होती, ती सरळ केली. हात धुतले आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या. त्यानंतर साडेसातचा फोन भाऊच उचलायचा. "आज दुधी. हो, अर्धा चमचा. हो, बघितलं मी." वहिनींना फोन देतो, असं तो एकदाही म्हणाला नाही.

या सगळ्यानंतर तो रविवार. बुधवारी डॉक्टरांची तारीख होती. नानांना बोलवायचं भाऊनेच ठरवलं. म्हणाला, थोरल्याला बघून आबा जरा हसतील, दोन घास जास्त खातील. जास्त खातील हे ऐकूनच मी अस्वस्थ झाले, पण बोलले नाही.

नाना आले ते पिशवीत कांद्याची पात आणि मेथी घेऊन, स्टेशनपासून पायी. मी त्यांचे घोटे बघितले. काटकुळे, सूज नाही. दोघं भाऊ एकाच चुलीवरचं खाऊन मोठे झाले. भाकरी, ठेचा, उडदाचं वरण, उन्हाळ्यात शेतावर मीठ-कांदा. तेव्हा ते मीठ लागायचं. खान्देशच्या उन्हात वखर हाकणाऱ्याच्या सदऱ्यावर दुपारपर्यंत पांढरी नक्षी उठायची. मग आबांचे गुडघे गेले आणि ते जळगावला आले. चालणं सुटलं, ऊन सुटलं, घाम सुटायचा थांबला, ताटातलं मीठ मात्र शेतावरचंच राहिलं. वर संध्याकाळच्या चहाबरोबर शेव आली, टोस्ट आले. नाना गावात दोन वेळा जेवतात, बांधावरून फिरतात, दाबाची गोळी आठवली तर घेतात. फरक एवढाच आहे का? मला माहीत नाही. एखादं शरीर असतंही दणकट. पण दोघं शेजारी बसले की धाकटा थोरला वाटायचा, आणि ते बघून मला बसवत नव्हतं. मी तीनदा उठून पाणी आणलं.

घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये भाऊने पऱ्हाट्या पेटवल्या. कपाशीच्या त्या काड्यांवरच हिरवी मोठी वांगी भाजायची, गॅसवर भाजली तर नाना जेवणार नाहीत. नाना काठीने वांगी फिरवत होते. आबा खुर्चीवर, पाय स्टुलावर.

"पोर, याले आज काय देवानं शे?" नानांनी मला विचारलं.

मी फ्रिजवरची यादी सांगितली. लोणचं नाही, पापड नाही, वरून मीठ नाही.

"बठ्ठं बंद शे, मंग चालू काय शे?"

"पोरनी जीभ," आबा म्हणाले, माझ्याकडे बोट करून. भाऊ धुरात तोंड फिरवून हसला.

वांगी सोलली, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली. मीठ घालायच्या आधी आबांचा वाटा मी स्वतः बाजूला काढला, त्यावर लिंबू पिळलं. जेवायला आत स्वयंपाकघरातच बसलो. बाकीच्यांसाठी पुऱ्या. वहिनी आबांच्या डब्यातलं पीठ मळून भाकऱ्या थापत होत्या. नाना म्हणाले, पुरी चावायला दात कुठे आहेत, जे याला तेच मला द्या. वहिनींनी त्यांच्या ताटात आबांची भाकरी वाढली.

नानांची एक सवय आहे. पहिला घास कोरडा खायचा. भाजीला न लावता भाकरीचा तुकडा तोंडात टाकायचा आणि सावकाश चावायचा. तसा त्यांनी चावला. थांबले. आबांकडे बघितलं.

"तुन्ही भाकरमा ते मीठ शे रे."

आबा ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "गुपचूप खाय ना."

मी म्हटलं, "वहिनी."

एवढंच म्हटलं. कसं म्हटलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण भाऊने घास खाली ठेवला. वहिनींनी तव्याखालचा गॅस बंद केला. ओट्यावरचा डबा उचलला, झाकण काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवला. चिठ्ठीची बाजू माझ्याकडे होती: आबा. माझंच अक्षर.

"मी वरून चिमूटभरसुद्धा टाकत नाही. पिठातच असतं."

मी बोटाचं टोक पिठात बुडवून जिभेवर ठेवलं. खारट. थोडंथोडकं नाही, चांगलं खारट.

"कळण्यात दळायच्या आधीच टाकतात ना, ताई," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दळून तुम्ही आणता. मला वाटलं, हिशेब धरूनच टाकलं असेल. म्हणून तर लिहिलंत, भाकरीत मीठ घालू नये. मी घालत नाही."

मला माझी धुळ्याची गॅलरी दिसली. दुसरा शनिवार. दादर ज्वारी चाळलेली, त्यात उडीद, आणि मग हात खड्याच्या मिठाच्या बरणीत. तीन मुठी. आईही तसंच टाकायची. म्हणायची, दाण्याबरोबर दळलं की पिठात सारखं मिसळतं आणि मळताना विसरायला होत नाही. माझ्या यादीत होतं: ज्वारी, उडीद, चक्की. मीठ नव्हतं, कारण ते मला कधी लिहावंच लागलं नाही. आमच्याकडे धुळ्यात पोळ्या, म्हणून ते पीठ मी कधी चाखलंही नाही. जळगावात कधी त्याची भाकरी खाल्ली तरी सगळ्यांच्या मिठाच्या भाजीबरोबर. एका शनिवारी तर एका हाताने मीठ टाकत होते आणि खांद्यावर फोन धरून वहिनींना विचारत होते, आज भाजीत मीठ किती टाकलं. हे मला त्या क्षणी आठवलं. न आठवतं तर बरं होतं.

"आबा," मी म्हटलं, "तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी समजनं."

"मग बोलला का नाहीत?"

आबांनी उरलेली भाकरी ताटात फिरवली. "माले वाटनं, पोरनी बठ्ठं बंद करं, पण एक भाकर मनासाठे सोडी दिधी."

त्यांना वाटलं होतं की मी मुद्दाम सोडली. तीन महिने ते फोनवर भाकरी गोड लागते म्हणत होते, ते माझे आभार मानत होते.

नाना म्हणाले, "आते ती बी गयी."

मी अर्ध्या जेवणावरून उठले. पीठ पिशवीत ओतलं, डबा नळाखाली धरला, घासला, परत घासला. वहिनी बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुसायला फडकं पुढे केलं. ते घेताना बोलता आलं असतं. माझ्या तोंडात शब्द होते. मी म्हटलं, "उद्या साधी ज्वारी दळून आणा. किलोभरच आणा, ताजी राहील." वहिनी म्हणाल्या, "बरं."

बुधवारी मी रजा टाकून गेले. डॉक्टरांनी कागद बघितले, पाय बघितले, आकडे सुधारलेले नव्हते. त्यांनी विचारलं, पथ्य पाळलं ना? मी म्हटलं, "पाळलं, पण पिठात मीठ निघालं." तांदळात खडा निघावा तसं. ते कुणी टाकलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वहिनी शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, मग हे तीन महिने धरायचे नाहीत. अजून सहा आठवडे नीट करा, मग ठरवू. उडीदही सध्या नको, मूत्रपिंडांवर ताण पडतो. मशीनचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण नको असंही म्हणाले नाहीत.

पाचवा आठवडा चालू आहे. खळगा अजून राहतो, पण लवकर भरतो. गेल्या रविवारी सात मोजेपर्यंत भरला. आबा बारीक झालेत, तोंड सुकलंय. साध्या ज्वारीची अर्धी भाकरी ताकात कुस्करून गिळतात. भाऊचा मोबाइल कधीमधी ते स्वतः घेतात.

"आज काय खाल्लं?"

"भाकर."

"किती?"

"तू मोजाले ये."

मी हसते, फोन ठेवते, आणि मग घरात फेऱ्या मारते. एक वेळ वाटतं, पाय उतरतोय, हेच हवं होतं. दुसऱ्या वेळी वाटतं, त्यांच्या ताटातली शेवटची चव मी ओतून दिली आणि ती परत कशी द्यायची, ते कुठल्याही यादीत नाही. लिंबू, जिरं, लसूण, भाजलेल्या तिळाची चटणी बिनमिठाची, सगळं करून पाहिलं. आबा चव घेतात आणि म्हणतात, चांगलं आहे. तेही ते माझ्यासाठी म्हणतात, हे आता मला कळतं. माझा स्वतःचा दाबही मी तपासून घेतला. वर आहे. तीन मुठीवाली बरणी मी ओट्यावरून माळ्यावर ठेवली.

गेल्या रविवारी निघताना वहिनींनी दारात एक पिशवी दिली. आत तो डबा, रिकामा, स्वच्छ, वरची चिठ्ठी निघालेली, फक्त गोंदाचा चौकोन उरलेला.

"पीठ आता मी इथेच दळते, ताई. तुम्हाला डबा लागेल."

मी म्हटलं, "हो." मग म्हटलं, "वहिनी." त्या थांबल्या. वरून भाऊने हाक मारली, बस चुकेल म्हणून. मी म्हटलं, "आबांची साखर गुरुवारी बघा." त्या म्हणाल्या, "बघते."

बसमध्ये खिडकीशी बसून वही काढली. त्या दिवशीची कामं: एक, पाय बघणे. दोन, गोळ्या आणणे. तीन, तिळाची चटणी. चार, पुढची तारीख घेणे. चारही कामांवर रेघ मारली. पाचवं काम गेल्या पाच आठवड्यांच्या प्रत्येक पानावर आहे, एकाच शब्दाचं: वहिनी. एरंडोल गेलं तेव्हा मी पुढच्या रविवारचं पान उघडलं आणि ते सगळ्यात वर उतरवून घेतलं.